निळा पडदा आणि कांद्याचा भाव

शेतमालाचा भाव ही पूर्वी डोळ्यांनी बघायची गोष्टच नव्हती. तो रुमालाखाली ठरायचा. घेणारा आणि आडत्या समोरासमोर उभे राहायचे, हातांवर उपरणं नाहीतर रुमाल टाकायचे आणि आत बोटांची भाषा चालायची. किती बोटं धरली, कुठलं बोट दाबलं, त्यावरून आकडा. वर चेहरे देवळातल्या मूर्तीसारखे शांत. आणि ज्याचा माल, तो शेतकरी दोन हात अंतरावरून त्या रुमालाकडे बघत राहायचा. रुमाल हलतोय, एवढंच त्याला कळायचं. हिला हत्ता पद्धत म्हणत. आमचे आजोबा म्हणायचे, "पोरीचं लग्न परस्पर ठरवायचं आन् बापाला पंगतीत बसल्यावर सांगायचं, तसला प्रकार व्हता तो."

हा रुमाल काढायला फार वर्षं लागली. वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ साली कापसाचा बाजार नियमाखाली आला. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचंच नाव सांगतात. त्यात शेतकऱ्याचा कळवळा फारसा नव्हता. मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस रास्त भावात हवा होता, म्हणून सरकारला बाजाराची शिस्त आठवली. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्याच्या बाजारांचा कायदा झाला. १९२८ साली शेतीवरच्या शाही आयोगाने असे बाजार सगळीकडे हवेत म्हणून सांगितलं. आणि महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा आला तो १९६३ साली. उघडा लिलाव, चोख माप आणि भाव सगळ्यांना दिसेल असा लिहायचा, हे त्या सगळ्या खटाटोपाचं सार. म्हणजे रुमालाखालून भिंतीवरच्या फळ्यावर यायला भावाला पाऊणशे वर्षं चालावं लागलं.

आमच्या तालुक्याच्या यार्डातला तो फळा मला चांगला आठवतो. कार्यालयाच्या भिंतीत सिमेंटचाच केलेला, काळा रंग दिलेला. त्यावर किमान, कमाल आणि सरासरी असे तीन रकाने पांढऱ्या रंगाने कायमचे आखलेले. लिहायला एक अण्णा होते. धोतर, पांढरी टोपी आणि कानावर खडू. अण्णांचं अक्षर मोत्यासारखं, पण दुपारी जेवून आले की डोळ्यांवर झापड असायची. एकदा कांद्याच्या कमाल भावापुढे त्यांच्याकडून एक शून्य जास्त पडलं. दहापट भाव! यार्डात आरडाओरडा. एकजण बैलांना म्हणाला, "चला रं, आता तुम्हाला मोटारीनं घरी नेतो." अण्णा मागे वळले, फळ्याकडे बघितलं आणि अंगठ्याने शून्य पुसायला हात वर केला, तर खालून चार-पाचजण एका सुरात ओरडले, "अण्णा, राहू द्या! सांजच्यापर्यंत तरी राहू द्या!" अण्णांनी ते शून्य पुसलं आणि हात धोतराला. चूक किती वेळ टिकली, तर अंगठा फळ्यापर्यंत जायला लागतो तेवढा वेळ.

मग अण्णा गेले, खडू गेले आणि फळ्याच्या जागी पडदा आला. १४ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीत राष्ट्रीय कृषी बाजार नावाची योजना सुरू झाली, त्याच्या आगेमागे बऱ्याच यार्डांतून मोठाले पडदे लागले. आमच्याही. आपल्या यार्डातलाच काय, शेजारच्या चार बाजारांतलाही सकाळचा भाव त्यावर दिसायचा. हे मात्र अण्णांच्या फळ्याला कधी जमलं नव्हतं. सुरुवातीला मराठी अक्षरांची दैना झाली. 'कांदा' कसाबसा यायचा, पण 'बटाटा' म्हणजे तीन रिकामे चौकोन. मराठी अक्षरांना संगणकाच्या युनिकोड नावाच्या जागतिक वहीत १९९१ सालीच नंबर मिळालेले आहेत. पण पडद्याच्या पोटात ते अक्षर काढायचा साचाच नसेल, तर बिचारा नंबर घेऊन काय करणार? तो चौकोन काढून मोकळा होतो. लोकांनी चार दिवसांत जमवून घेतलं. "आज डब्यांचा काय भाव?" असं विचारलं की समजायचं, बटाटा.

आणि मग ऐन उन्हाळ कांद्याच्या हंगामात एका सोमवारी तो पडदा निळा झाला.

यार्ड गच्च भरलेलं. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप ओळीने लागलेल्या, व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनावरून दुसऱ्यावर सरकत होता आणि पुकारा चालू होता. पडद्यावर शेजारच्या बाजाराचा भाव येता येता टप्पकन सगळं गेलं आणि आभाळासारखा निळा रंग पसरला. वर डाव्या कोपऱ्यात दोन टिंबं आणि एक कंस. खाली इंग्रजीत चार ओळी, त्यात कुठंतरी शून्य टक्के. त्याच्याही खाली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन.

आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग एका ट्रॉलीवर बसलेल्या नानांनी मान कलती करून बघितलं. अजून कलती केली. आणि म्हणाले, "आरं, ह्यो तर रडतोय!"

दोन टिंबं म्हणजे डोळे, कंस म्हणजे खाली पडलेले ओठ. चेहरा आडवा होता म्हणून कळत नव्हता. आता सगळं यार्ड माना वाकड्या करून बघायला लागलं. शे-दीडशे माणसं, सगळ्यांच्या टोप्या एकाच बाजूला कललेल्या! पलीकडून कुणीतरी म्हणालं, "नाना, कांद्याच्या यार्डात आलाय त्यो. रडल्याबिगर जातोय कुठं?"

झालं. एवढ्यावर जो हशा पिकला, तो थांबायलाच तयार नाही. हमालांनी पाठीवरच्या गोण्या खाली ठेवल्या. मापाडी काटा सोडून बाहेर आला. एका म्हातारीने खालचा ठिपक्यांचा चौकोन बघून विचारलं, "ती गोधडी कुणी शिवलीय?" तेवढ्यात शून्य टक्क्याचे वीस टक्के झाले आणि हसण्यात जरा काळजी मिसळली. कारण टक्का म्हटला की शेतकऱ्याचा हात आधी खिशाकडे जातो. शेतकऱ्याच्या पट्टीतून आडत कापायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, हा निर्णय राज्यात २०१६ सालीच झालेला. त्यावरून व्यापाऱ्यांचे बंदही होऊन गेले होते. तेव्हा एका भाऊंनी शेजारच्या आडत्याला सरळच विचारलं, "काय शेठ, आडत गेली म्हणून ह्यो नवा टक्का काढला का?" शेठ बिचारे स्वतःच इंग्रजी वाचायच्या प्रयत्नात. वीसचे पस्तीस झाले. "थांबवा रं कुणी त्याला," मागून आवाज आला, "शंभर व्हायच्या आत ट्रॉल्या घरी न्या!"

कॉम्प्युटरवालं पोरगं आतून धावत आलं. ते विशीतलं, घामाघूम, आणि बाहेर एवढी माणसं आपल्याकडे बघून हसतायत म्हटल्यावर त्याचाही चेहरा पडद्यावरच्यासारखाच झाला. त्याने मशीन उघडलं. आतल्या पंख्यात कांद्याची फोलपटं अडकून बसली होती. पंखा फिरेना, आत भट्टी पेटलेली. मूठभर फोलपटं त्याने बाहेर आणून दाखवली. "म्हंजी बरोबरच हाये की," नाना ट्रॉलीवरून म्हणाले, "कांद्यानंच रडवलं त्याला."

चाळीसेक मिनिटांनी पडदा परत लागला. तोवर लिलाव काही थांबला नव्हता. व्यापाऱ्यांचा घोळका दोन ओळी उरकून पुढं गेला होता. त्या ओळीतला एक तरणा शेतकरी हातात पट्टी धरून पडद्यासमोर उभा होता. पडद्यावर शेजारच्या बाजाराचा भाव पुन्हा आला होता आणि तो त्याच्या पट्टीवरच्या आकड्यापेक्षा क्विंटलमागे दीडशेने जास्त होता. मालामालात फरक असतो, वाहतुकीचा खर्च असतो, हे त्यालाही ठाऊक असणार. पण व्यापाऱ्यासमोर उभं राहून "तिकडं एवढा निघालाय" असं म्हणायला त्याला तो आकडा लागतो, आणि नेमका त्या वेळी तो निळ्या रुमालाखाली गेला होता. आसपासची माणसं अजून फोलपटांवरून हसत होती. तो हसत नव्हता.

पुढे मी या निळ्या पडद्याची कुळी शोधत गेलो. तो काही आमच्या यार्डाचा नव्हता. जगभर हिंडून आलेला होता. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोजमध्ये निळ्यावर पांढरी अक्षरं येऊन काम थांबायची ही रीत नव्वदीच्या दशकात रुळली. विंडोज ३.१ मध्ये मशीन अडकलं की समोर येणारा निळ्या पडद्यावरचा मजकूर स्टीव्ह बामर यांनी लिहिलेला. हे गृहस्थ पुढे २००० साली कंपनीचे मुख्य अधिकारी झाले. आधीचा मसुदा त्यांना पसंत पडला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच बसून दुसरा लिहिला. तो रडका चेहरा फार नंतरचा, २०१२ सालच्या विंडोज ८ पासूनचा. त्याआधी नुसतेच आकडे आणि अगम्य इंग्रजी. माणसाला घाबरवायचं नाही, त्याच्यासोबत जरा रडायचं, असा काहीसा विचार त्यामागे असावा. आमच्या नानांपर्यंत तरी तो बरोबर पोचला.

चारचौघांत या पडद्याने सगळ्यात मोठी फजिती केली ती त्याच्या मालकाचीच. २० एप्रिल १९९८. अमेरिकेत शिकागोला कॉमडेक्स नावाचं संगणकांचं मोठं प्रदर्शन. विंडोज ९८ बाजारात यायला दोन महिने होते आणि बिल गेट्स स्वतः मंचावर. त्यांचा सहकारी ख्रिस कॅपोसेला लोकांना दाखवत होता की या नव्या विंडोजला कुठलंही यंत्र जोडा, ते आपोआप ओळखतं. त्याने एक स्कॅनर जोडला. मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर, हजारो लोकांसमोर, निळाई! सभागृह हसत सुटलं, टाळ्या पडल्या. आपल्याकडे एखाद्या मंत्र्याच्या सभेत असं झालं असतं, तर आधी वायरमनला धरला असता. गेट्स मात्र हसले आणि म्हणाले की, म्हणूनच तर हे अजून आम्ही विकायला काढलेलं नाही. लोक आणखी हसले. २५ जूनला विंडोज ९८ बाजारात आलं आणि लोकांनी ते घेतलं. कॅपोसेलाची नोकरी गेली नाही. पुढे तो त्याच कंपनीच्या जाहिरात-विक्री खात्याचा प्रमुख झाला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालेल्या चुकीचं हे एक असतं. लपवायची सोयच राहत नाही, मग माणूस हसून घेतो आणि सुटतो.

८ ऑगस्ट २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटनात तर याहून मोठी मौज. ली निंग हा चीनचा जुना कसरतपटू तारांवर लटकत, मैदानाच्या छताच्या कडेने हवेत चालत मशाल घेऊन निघालेला, आणि त्याच छताच्या एका भागावर प्रोजेक्टरने चित्राऐवजी निळा पडदा फेकलेला! एवढी तालीम, एवढा खर्च, काटेकोर व्यवस्था. आणि दुसऱ्या दिवशी जगभर फिरले ते त्या निळ्या तुकड्याचे फोटो. लग्नात सगळं थाटात होतं आणि गावात चर्चा उरते ती जिलेबी कमी पडल्याची, त्यातलाच हा प्रकार.

तरी ही सगळी किरकोळ. १९ जुलै २०२४, शुक्रवार, हा त्या निळ्या पडद्याचा खरा जत्रेचा दिवस. क्राउडस्ट्राइक नावाची अमेरिकन कंपनी मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांची राखण करते. तिने आपल्या वेळेप्रमाणे सकाळी पावणेदहाच्या सुमारास एक छोटी फाइल जगभर पाठवली. पुढे चौकशीत निघालं ते असं, की तिथे एकवीस रकाने धरलेले आणि पुरवलेले वीस. एकविसावा रकाना वाचायला संगणक गेला, तिथे काहीच नाही, आणि तो कोसळला. सातबाऱ्याच्या एका रकान्यासाठी ज्यांनी तलाठ्याकडे वर्षभर खेटे घातलेत, त्यांना याचं नवल वाटणार नाही. ७८ मिनिटांत कंपनीने ती फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणक निळे झाले होते. जगातल्या विंडोजवाल्या संगणकांच्या एक टक्काही नव्हेत. पण ते नेमके विमानतळांचे, बँकांचे, दवाखान्यांचे. आणि दुरुस्ती लांबून करता येईना. बहुतेक ठिकाणी प्रत्येक मशीनपाशी माणसानेच जायचं, ते खास पद्धतीने चालू करायचं आणि ती फाइल हाताने पुसायची. म्हणजे पुन्हा अण्णांचा अंगठाच.

लोक त्या दिवशी पोटभर हसले. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधले जाहिरातींचे पडदे गेले, त्याचे फोटो. आपल्याकडे हैदराबादच्या विमानतळावर विमानात बसायचा पास पेनाने लिहून दिला, त्याचाही फोटो. आमच्या पिढीला त्यात विशेष ते काय कळेना. आम्ही पेनाने लिहिलेल्या कागदावरच जन्म काढला. शनिवार-रविवार एक दिवस आधीच सुरू झाला म्हणून नोकरदारांचे विनोद. अमेरिकेत लास व्हेगासला एक प्रचंड गोल इमारत आहे, ती सगळी बाहेरून दिव्यांचा पडदाच आहे. तीसुद्धा निळी झाल्याचा फोटो फिरत होता. तो खोटा निघाला. हसायला एवढी माणसं तयार बसली होती, की खरे पडदे पुरले नाहीत. पण त्याच दिवशी काही देशांतल्या दवाखान्यांत ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या, आणि ज्यांच्या ढकलल्या त्यांच्या खोलीत फोटो काढण्यासारखा मोठा पडदा नव्हता.

मला वाटतं, चूक भिंतीवर असली की ती सगळ्यांची होते आणि हसण्यावारी नेता येते. ती टेबलामागच्या छोट्या पडद्यावर असली, पडद्याचं तोंड साहेबाकडे आणि पाठ आपल्याकडे असली, की ती आपल्या एकट्याची. विलायतेत पोस्टाच्या शाखा चालवणारी साधी दुकानदार माणसं होती. १९९९ पासून त्यांच्याकडे होरायझन नावाची संगणकाची हिशेबपद्धत आली. तिच्यात दोष होते. तिजोरीत नसलेली तूट ती दाखवायची. निळा पडदा नाही, रडका चेहरा नाही, आकडा अगदी खणखणीत आणि चुकीचा. संगणक चुकत नाही असं धरून पोस्टाने माणसांना चोर ठरवलं. नऊशेहून जास्त जणांना शिक्षा लागल्या, काहीजण तुरुंगात गेले, घरं विकली गेली. प्रत्येकाला वाटायचं, हे फक्त माझ्याच दुकानात होतंय. २०१९ साली न्यायालयाने त्या पद्धतीतले दोष मान्य केले आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडलं. त्या आकड्यापेक्षा आमच्या यार्डातला पडदा लाख प्रामाणिक. आपलं बिघडलंय हे त्याने रडून तरी सांगितलं.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं, तेव्हाची गोष्ट. आमच्या वस्तीवरच्या एका मावशींचा अंगठा जन्मभर खुरपं धरून आणि कांदे कापून पार गुळगुळीत झालेला. मशीनवर ठेवला की मशीन नाही म्हणायचं. मशीनचं तोंड दुकानदाराकडे. "मावशी, जुळत न्हाई," तो म्हणायचा. काय जुळत नाही, कशाशी जुळत नाही, तिथे काय उमटलंय, मावशींना काही दिसायचं नाही. धुऊन ठेवला, पुसून ठेवला, पदराने घासून ठेवला. रांगेतली माणसं गप्प उभी. कुणी मान कलती केली नाही, कुणी गोधडी म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या मुलाला घेऊन आल्या आणि त्याच्या अंगठ्यावर गहू मिळाले. घरी जाताना म्हणाल्या, "साठ वर्सं ह्याच अंगठ्यानं खुरपलं. आता ह्योच माझा न्हाई म्हंत्यात."

त्या मशीनला बाहेरच्या बाजूनेही एक काच असती आणि काय उमटतंय ते रांगेला दिसतं, तर कुणीतरी काहीतरी बोललं असतं. साखर कारखान्याच्या काट्यावर बाहेरच्या बाजूला, ट्रॅक्टरवाल्याला दिसेल असा आकडा असावा म्हणून शेतकरी भांडतात ते याचसाठी.

२०२५ च्या उन्हाळ्यात बातमी आली, की मायक्रोसॉफ्ट तो निळा पडदा बंद करते आहे. रडका चेहराही जाणार, ठिपक्यांची गोधडीही जाणार. नवा पडदा साधा, काळा, त्यावर पांढरी अक्षरं. मी ही बातमी नानांना वाचून दाखवली. नाना आता ट्रॉलीवर बसत नाहीत, ओट्यावर बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काळ्यावर पांढरं?"

म्हटलं, "हो."

"मंग पुसायला अण्णा कुठून आणत्यात?"